कान्याच्या बटणातली दांडी

जिंतूरला तहसिलीसमोर आमचं दुकान. अर्ध्यात माझी रेडिओ-पंख्याची दुरुस्ती, अर्ध्यात बायकोचं टायपिंग. मी चौथीतून शाळा सोडलेला, ती टायपिंगची परीक्षा पास. लोक आत आले की आधी तिच्याकडं बघायचे. मला लय बरं वाटायचं.

दिवाळीआधी ती गेली. उन्हाळ्यात सून तिच्या जागेवर बसायला लागली आन कीबोर्डवरचं कान्याचं बटण मेलं. काना न्हाई तर मराठीत लिहिणार काय?

"मामा, नवीनच आणते," सून म्हणाली.

"आण की. आधी मला बघू दे."

कीबोर्ड जुना, जड, कुठल्याशा कचेरीच्या भंगारातून मीच आणलेला. आताच्यात बटणाखाली रबर असतं. ह्याच्यात दर बटणाखाली वेगळी काळी डबी. वर झाकण, खाली पेटी. पेटीत तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या, मधी स्प्रिंग, स्प्रिंगवर प्लास्टिकची दांडी. दांडीचा पाय पट्ट्यांना अलग धरतो. बटण दाबलं की पाय खाली सरकतो, पट्ट्या चिकटतात, अक्षर उमटतं. काही डब्यांत पायाला उंचवटा असतो, तो बोटाला लागतो. ह्याला तसलं काही न्हाई. सरळ खाली, सरळ वर. "बोटाला कुणी अडवत न्हाई," बायको म्हणायची.

कथलाचा डाख तापवून उतरवला, डबी काढली, उघडली. एक पट्टी टोकाला तुटलेली. आन दांडी एकाच अंगानं घासून पार चकाकायलेली. लगेच कळलं. लग्नाआधी ज्वारी काढताना विळा लागून तिचं मधलं बोट वाकडं बसलेलं. बटण ती तिरकंच दाबायची.

"अगं सरळ दाब, डबी झिजायलीय," मी एकदा म्हणालो होतो.

"अवो, तुमी तुमचे रेडिओ बघा. बोट मला इचारून वाकलंय का?"

गिऱ्हाईक हसलं. ती न्हाई हसली, कागद ओढून त्याच्या हातात दिला.

वर कोपऱ्यात एक बटण हाय, कशाचं ते मला आजबी ठाऊक न्हाई. तिनं ते कधी दाबलं न्हाई. त्याची डबी काढली. पेटी त्यातली घेतली, दांडी मात्र तिचीच बसवली. डाख दिला. काना उमटला. खुळ्यासारखा तेच बटण दाबत बसलो. पडद्यावर नुसते काने.

मग सून बसली. एक बाई फेरफाराचा अर्ज करायला आलेली. दोन ओळी झाल्या आन सून थांबली.

"मामा, हे एका अंगाला ओढायलंय. मधीच अडकायलंय बी."

"व्हईल सवय."

तिनं ते बटण परत दाबून बघितलं. मग हळू म्हणाली, "आत्याबाईंचं बोट मी कुठून आणू, मामा?"

त्या बाईला चहा सांगितला. परत डाख उतरवला, बायकोची दांडी काढली, कोपऱ्यातल्या डबीतली कोरी बसवली. सून भरभर टाइप करायला लागली. अर्ज निघाला, बाई गेली.

दांडी टेबलावर पडलेली. नखाएवढी.

"टाकू नका ती," सून म्हणाली.

मी कुठं टाकायलोय? झिजल्या अंगावरून नख फिरवत बसलो. एकजण पंखा घेऊन आला. त्याला म्हणालो, उद्या ये.