रक्त जुळलं नाही तेव्हा

डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आला, त्याने चष्मा काढला आणि जाहीर केलं की या आईचं रक्त या मुलाशी जुळत नाही. लगेच तीनदा वीज कडाडली. आधीच्याच दृश्यात खिडकीबाहेर रखरखीत ऊन होतं. आईच्या हातून आरतीचं ताट निसटलं. अतिदक्षता विभागाच्या दारात आरतीचं ताट घेऊन कोण उभं राहतं, आणि तिला तिथवर सोडलं कोणी, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर आमच्या माजघरात बसलेल्या सगळ्या बायकांनी मला एकदम गप्प केलं. ताट सोमवारी निसटलं होतं, ते मंगळवारी जमिनीला लागलं. मधला पूर्ण दिवस आमची आळी त्या ताटाखाली श्वास रोखून बसली होती.

हे दोन हजार सालच्या आसपासचं. आळीत केबल पहिल्यांदा आमच्याकडे आली, म्हणून रोज दिवेलागणीनंतर शेजारपाजारच्या बायका आमच्याकडे. मालिका हिंदी होती, पण कोणाचं काही अडत नसे. मला तिच्यातलं सगळंच झोंबायचं. सून झोपतानासुद्धा दागिने उतरवत नसे. धाकट्या दिराची मोटार दरीत कोसळून पेटली, तरी तो काही महिन्यांनी परत आला, आणि तोही वेगळ्याच चेहऱ्याने, वेगळ्याच आवाजाने, आणि घरच्या कुत्र्याखेरीज कोणालाही शंका आली नाही. घरातले निम्मे लोक कारस्थानी, पण कट शिजायचा तो खणखणीत आवाजात, दार सताड उघडं ठेवून. कारखाना बुडाला, कारखाना बुडाला म्हणून सगळे रडायचे, तो कारखाना एकदाही दाखवला नाही. मी हे बोलले की आई पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "तुला बघायचं नसेल तर आत जा आणि नारळ खोव."

मी तेव्हा बाविशीची होते. कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि रक्तदानाचा प्रचार करणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या मंडळात मी दिवसभर असायची. चिपळूणच्या बाजारापासून लांज्याच्या एसटी थांब्यापर्यंत आम्ही पत्रकं वाटायचो, आणि ती बहुतेक मी लिहिलेली असायची. पत्रकाचा मजकूर माणूस गाडीत चढायच्या आत वाचून संपला पाहिजे. त्यामुळे घरातही मला गोल गोल बोलता येत नसे. त्या मंगळवारी ताट पडल्यावर मी सरळ सांगितलं की आईचा रक्तगट एक आणि मुलाचा दुसरा, हे घरोघरी असतं, यात वीज कडाडण्यासारखं काही नाही. तेव्हा माझी चुलतकाकी, जी भिंतीपलीकडच्याच घरात राहते, म्हणाली, "अगो, नऊ महिने जे पोटात वाढलं त्याला दुसऱ्या कोणाचं रक्त येईल कुठून?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेही. मला वाटलं, जाऊ दे, करमणूक आहे. करमणुकीने कोणाचं काय बिघडतं?

त्याच पावसाळ्यानंतर वहिनीचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे खेडला व्हायचं होतं, पण तिचा रक्तदाब चढलेला होता आणि डॉक्टरांनी इतका प्रवास नको म्हणून सांगितलं. मग तिची आईच इकडे आली. मी त्यांना मावशी म्हणते. मावशींचे यजमान वहिनी लहान असतानाच गेले. खेडला शाळेत शिवण शिकवून त्यांनी या एकुलत्या एक मुलीला वाढवलं. बाई अगदी कमी बोलणारी. आली त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात अळिवाचा आणि डिंकाचा वास भरून राहिला.

मुलगी झाली, आणि झाल्यावर वहिनीला रक्तस्राव फार झाला. रक्त द्यावं लागेल म्हणाले. माझं काम मला ठाऊक होतं. मी मंडळातल्या मुलांना निरोप धाडले आणि ती आलीसुद्धा. पण मावशी रक्तपेढीच्या खिडकीशी जाऊन आधीच उभ्या राहिल्या होत्या. माझ्या मुलीला माझं रक्त द्या, दुसऱ्या कोणाचं नको, एवढंच त्या म्हणत होत्या. तिथल्या माणसाने त्यांचं बोट टोचलं, तपासलं आणि गर्दीत जसं सांगतात तसं मोठ्याने सांगितलं, "तुमचा गट बी आहे, मुलीचा ए. तुमचं तिला चालणार नाही." तो पुढच्या माणसाकडे वळला. वहिनीला दुपारपर्यंत रक्त मिळालं, संध्याकाळी तिच्या ओठांना रंग आला. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

पण खिडकीसमोरच्या बाकावर काकी बसली होती.

दोन दिवसांत आळीत कुजबुज. मी आधी ऐकलं तेव्हा हसलेच. आईचं रक्त मुलीला लागलं नाही, म्हणजे ही मुलगी त्यांची नव्हेच. दवाखान्यात बदलली असेल. नाहीतर कुठून तरी आणली असेल, एकटी बाई, सोबतीला म्हणून. एका शेजारणीने तर मला विचारलं की वहिनीच्या पाठीवर काही खूण वगैरे आहे का. ही बाई दोन मुलं शिकवून मोठी केलेली, रोज पेपर वाचणारी.

मग मी पत्रकवाल्यांनी करायचं तेच केलं. सगळ्यांना बसवून समजावलं. रक्तगटात अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. आईचा बी असेल आणि मुलीचा ए असेल, तर तो ए बापाकडून आला. इतकं सोपं. सगळ्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, पटलं. काकीने सुपारी कातरता कातरता विचारलं, "मग बापाचा ए होता का?"

मी म्हटलं, असणारच.

"असणारच म्हणजे? तपासला होता का कोणी? ते तर कधीच गेले."

आणि त्या माजघरात जी शांतता पसरली तिची मला आजही शिसारी येते. बदललेली मुलगी परवडली असती. आता एका विधवेच्या चारित्र्यावर बोट ठेवलं होतं, आणि तेही माझ्याच शास्त्राचा आधार घेऊन. मी ओरडले. काकी शांतपणे म्हणाली, मी कुठे काय म्हटलं, मी फक्त विचारलं. खरंच, तिने फक्त विचारलं होतं. मालिकेतसुद्धा सगळं अस्संच, फक्त विचारून होतं.

स्वयंपाकघर माजघराला लागूनच. मावशी तिथे लाडू वळत होत्या. त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही ते कळायला मार्ग नाही, कारण त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. वहिनीला सांगितलं की शाळेतून बोलावणं आलंय. परातीत निम्मे लाडू वळलेले, निम्मं मिश्रण तसंच. दादाने त्यांना एसटीत बसवलं. घरी येऊन त्याने मला विचारलं की झालं काय, आणि मी सांगितलं तेव्हा माझा भाऊ, इंजिनीअर झालेला माझा भाऊ, चप्पल काढता काढता म्हणाला, "पण खरंच, बापाचा गट कोणता होता गो?"



वहिनीला कोणीतरी सांगितलंच. ती फार रडली नाही. बाळाला पाजताना भिंतीकडे बघायची, एवढंच. आईने दिलेलं खायची, पण मागायची नाही. आईला तिचा हा अबोला बघवत नव्हता. अशक्तपणामुळे बारसं सव्वा महिन्यावर ढकललं होतं. ते जवळ आलं तशी आईने बोलवायच्या बायकांची नावं घ्यायला सुरुवात केली. त्यात खेडचं नाव नव्हतं. मी विचारलं तर आईने वर बघितलं नाही, म्हणाली, त्यांना आत्ता शाळा असेल.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. बाळाच्या कानात आधी तिने कुर्र करायचं, मग नाव सांगायचं, मग बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आत्या एकच, ती म्हणजे मी. हे हत्यार माझ्या हातात आहे हे मला त्याच क्षणी सुचलं. मी आईला सांगितलं, मावशी येणार नसतील तर मी नाव ठेवणार नाही. आणि नुसत्या येऊनही चालणार नाही. त्या पाळण्याशी उभ्या राहिल्या पाहिजेत. बाळ त्यांच्या हातात गेलं पाहिजे.

काकी तिथेच होती. म्हणाली, पाळण्याला हात सवाष्णीने लावायचा असतो, एवढं तरी तुझ्या पत्रकात आहे का.

मी काकीशी बोलत नव्हते. मी आईला म्हटलं, "चल माझ्याबरोबर रक्तपेढीत. तुझा आणि दादाचा गट तपासू. दोन मिनिटांचं काम."

आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं होतं ती चिडेल, वेड लागलंय म्हणेल. मी पुन्हा म्हटलं, चल. आणि मग मला दिसलं की ती घाबरली आहे. याच घरात, मागच्या खोलीत, सुईणीच्या हातावर तिने दादाला जन्म दिला. कळा किती वेळ होत्या, बाहेर कोण उभं होतं, पहिल्यांदा तो कसा रडला, हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलंय. आणि ती बाई एका बोटाच्या टोचणीला घाबरत होती. मला आयुष्यात इतका धक्का कधी बसला नव्हता.

"आणि नाही जुळला तर?" ती हळूच म्हणाली.

"नाही जुळला तर दादा तुझा नाही?"

तिने सूप बाजूला ठेवलं. "काय बोलत्येस. माझाच आहे तो."

"मग ती त्यांची का नाही?"

आईने काकीकडे बघितलं. काकी उठून मागल्या दाराने आपल्या घरी गेली. आईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तपासायला आम्ही गेलो नाही. आजवर आईचा गट आम्हाला माहीत नाही, आणि मीही परत विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आई एकटी खेडला गेली. फोन करूया असं दादा म्हणाला, तर तिने त्याला झिडकारलं. जाताना तिने खण-नारळ घेतला, मग विधवेला खण कसा, म्हणून तो काढून ठेवला, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन तो पिशवीत टाकला. खेडला काय बोलणं झालं ते तिने कोणाला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. एवढंच म्हणाली, येतील.

मावशी बारशाच्या सकाळच्या गाडीने आल्या. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, त्या दिवशी जरा जास्तच. मावशी चुपचाप कडेला बसायला गेल्या तर आईने त्यांचा हात धरला आणि पाळण्याच्या पलीकडे उभं केलं. इकडे आई, तिकडे मावशी. मागून कोणीतरी पुटपुटलं. आईने मान वळवली नाही. तिने बाळाला दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून पुढे केलं. "गोविंद घ्या, विहीणबाई."

मावशी वाकल्या, बाळ घेतलं, आणि पाळण्यावरून परत दिलं. "गोपाळ घ्या." आवाज अगदी साधा, शिवणाच्या वर्गात टाके मोजायला लावणाऱ्या बाईचा. तीन फेऱ्या झाल्या. मी नाव ठेवलं. पाठीत धपाटे पडले, त्यात काकीचा सगळ्यात जोरात होता.

पानं मांडली. मावशींचं पान आईने स्वतः मांडलं, आपल्या शेजारी. मावशी म्हणाल्या, परतीची गाडी चुकेल. आई म्हणाली, नंतरची आहे की. मावशी म्हणाल्या, नको. पाणी मात्र प्यायल्या. बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं, वहिनीचा दंड जरा दाबून बघितला, भरला आहे की नाही म्हणून, आणि दादाबरोबर निघाल्या. त्यांना बोलावून, मान देऊन आता आणखी काय हवं होतं, असं काकीने विचारलं. मला मावशींचा राग पटला. एका दिवसाच्या पाळण्याने तो उतरायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्यांचं वाढलेलं पान तसंच होतं. आई ते उचलेना, दुसऱ्या कोणाला उचलूही देईना. बायका इकडेतिकडे बघत जेवायला लागल्या. मग वहिनी उठली, बाळ माझ्या मांडीवर दिलं, आणि येऊन त्या पानावर जेवायला बसली.