लांडीने पिल्लांना लावलेलं वळण

ऐका गो बायांनो, आज एका माकडिणीने मला दगा दिला.

शेपूट तुटलेल्या या लांडीला मीच हळद लावून जगवली, रोज भात घातला. कीड लागू नये म्हणून राखेत ठेवलेले वाल मी रांधायच्या आधी अंगणातल्या दगडी डोणीच्या पाण्यात धुते, ते ती ओट्यावर बसून बघायची.

आज शेतावरून आले, तर बियाण्याच्या वालांचं मडकं फुटलेलं. लांडी डोणीत वाल धुऊन खातेय आणि तिचं बघून पिल्लंपण धुतायत! बाकीची माकडं राख लागली की थुंकून टाकतात.

"बघ, माणसासारखी रीत पाळतात," मी पुतण्याला म्हटलं. तो हसला, "काकी, जनावराला कसली गो संस्कृती?"

"मेल्या, मग पोरांना हे वळण कोणी लावलं?"

पेरायला दाणा उरला नाय. माझं बघून धुवायला शिकली, पिल्लांना शिकवलं. मग जिचं खाल्लं तिच्या घरात चोरी करू नये, एवढंच कसं नाय शिकली?