पाच चकत्या, एकच डाग

मंडळी, आज आमच्या चिपच्या प्रयोगशाळेतून साफसफाई करणाऱ्या कोळवणच्या संगीताताईंना कामावरून काढलं. ज्यांच्यापासून चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांवर डाग दिसतात, म्हणजे साफसफाई नीट नाही, असं साहेबांचं संशोधन.

जाताना ताई मला म्हणाल्या, "सर, धूळ काय रोज येकाच जागी बसती व्हय?"

मी पाच चकत्यांवरच्या डागांचे नकाशे एकावर एक ठेवले. डाग पाचही चकत्यांवर त्याच जागी! धूळ कुठेही पडते. दर वेळी तिथेच चुकतं ते मशीन.

हे नकाशे आधी तपासले होते मीच. एकेक सुटा बघून, 'धूळ' लिहून, सही ठोकून.

साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "अहो, मशीन बंद ठेवणं परवडेल का? बाई दुसरी मिळेल."

ताईंवरचा अहवाल सहीसाठी माझ्यापुढे आहे; डागांचं कारण मला लिहायचंय. 'धूळ' लिहायची सवय झालीय मला. तुम्ही काय लिहाल?