आत्याने वाचलेलं पत्रक

निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी मी भवानी पेठेजवळच्या एका लहानशा ग्रंथालयात जाते. समाजवादावरची पुस्तकं, गिरणी आणि विडी कामगारांचे कागद, सगळं दोन खोल्यांत कोंबलेलं आहे. यादी करायला माणूस नाही म्हणून मी करते. वर्ष झालं, अजून एक कपाटही संपलेलं नाही.

मध्यंतरी तेलुगू पत्रकांचा गठ्ठा निघाला. घरात मी तेलुगूच बोलते, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे अक्षरं कळत नाहीत. पूर्वी गिरणीत मागावर असलेले म्हातारे ग्रंथपाल म्हणाले, "घरात कुणी वाचणारं असंल की."

एकच होती, माझी आत्या. तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि पुढे जन्मभर विड्या वळल्या. तिला रिक्षाने घेऊन गेले. जिना चढताना ती दोनदा बसली.

वरचंच पत्रक एका मोर्चाचं होतं आणि त्यावर तिच्याच कारखान्याचं नाव होतं. बोट ठेवून ती वाचत गेली, मी मराठीत लिहून घेत गेले. मजुरी वाढवा. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापू नका. बायकांसाठी संडास बांधा. इथे तिचं बोट थांबलं.

"ह्या मोर्चात मी होते," ती ग्रंथपालांना म्हणाली. "संडासाचं मागितलंय हे आमाला कुणी सांगितलंच न्हाय. मजुरीसाठी चला म्हणाले, गेलो."

"पत्रकं वाटली असतील की."

"गड्यांना वाटली असतील. उठायला लागू नये म्हणून आमी बायका दिवसभर पाणी पीत नव्हतो."

"मग बांधला का?"

"मी काम सोडेपर्यंत तरी न्हाय."

ग्रंथपाल म्हणाले, "गिरणीच्या दारात मीबी पत्रकं वाटायचो. बाईच्या हातात द्यावं असं कधी सुचलं न्हाय."

आत्याने उरलेल्या दोन मागण्या त्याच सुरात वाचल्या आणि चष्मा काढला. रिक्षात ती तेलुगूत म्हणाली, पुन्हा एवढा जिना नको.

आता मी मोबाइलवर फोटो काढून नेते. अक्षरं मोठी करून दिली की ती पडल्या पडल्या वाचते. आठवड्याला एखादं पत्रक होतं. कधी तिला कंटाळा येतो, कधी मला, आणि तो आठवडा तसाच जातो.