लाइनबॅकरवर चढाई

“इसको फिट बोलते हैं?” आमच्या बॉसनी, डॉक्टर नायरांनी, मोबाइल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत एकशे दहा किलोचा मार्कस धावत आला, टॅकलच्या, म्हणजे धडक मारायच्या जाड गादीपाशी पोचला आणि शेवटच्या क्षणी मान फिरवून तिला हलकेच टेकला. सोफा विकत घ्यायला आल्यासारखा.

‘फुल्ली फिट’च्या रिपोर्टवर सही माझीच होती. तेव्हा मी अठ्ठेचाळीसची, दुबईत अल मनखूलच्या क्लिनिकमधली सीनियर फिजिओ. भिंतीवर सहा सर्टिफिकेटं आणि नाक त्यांच्याही वर.

मार्कस अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर. म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. बॉल घेऊन येईल त्याला धरायचं आणि आडवं करायचं, याचाच पगार. खांदा निखळला, ऑपरेशन झालं, टीमने सोडलं. बहीण जुमेरा लेक टॉवर्सला, म्हणून रिहॅबला दुबईत आला. आता नव्या टीमने टॅकलचा व्हिडिओ मागितला होता. सोमवारपर्यंत गेला नाही तर करिअर खलास.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“नो मॅम. पण गादी जवळ आली की तो आवाज आठवतो.” खांदा निखळतानाचा.

खांदा मी मशीनवर इंचाइंचाने मोजला होता. भीती मोजायचं राहिलं होतं.

मग गादीच नको, असं मी ठरवलं. रविवारी आमची रत्नागिरीकडची पोरं वाळूवर कबड्डी खेळायची. टक्कर घ्यायला सर्जनची परवानगी होती. बॉसची नव्हती, कारण मी विचारलंच नाही.

मार्कसला तिथे नेऊन बचावात उभं केलं, तर चढाईला येणारी पोरं त्याला बघून लांबूनच हात हलवून परत जाऊ लागली. त्यांचे कॅप्टन सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, “ताई, पावण्याचा खांदा मोडला तर?”

“मीच जाते चढाईला.”

“ताई, वय बघा जरा!”

“यल्ला, चला, बाजूला व्हा.” कॉलेजात मी जिल्ह्याकडून खेळले होते. हे मी दिवसातून दोनदा तरी सांगायचेच.

ओढणी कमरेला खोचली. “कबड्डी कबड्डी” करत गेले, मार्कसच्या गुडघ्याला चापट मारली आणि वर भुवया उडवून त्याला चिडवलं. वळून दोन पावलं टाकली असतील नसतील, मागून कमरेला विळखा पडला आणि वाळू एकदम खाली गेली. मी हवेत, तोंडाने कबड्डी चालूच.

“आय गॉट हर!” मार्कस आनंदाने गर्रकन फिरला. माझा पाय मधल्या रेषेला लागला.

“आउट!” सलीमभाई ओरडले.

“व्हॉट? मी धरलीय की तिला!”

“धरलीस, पण ती घरी पोचली. बाहेर हो, हबीबी!”

मार्कस भडकला. “अगेन!” आता पोरंही धीट झाली. त्याने एकामागून एक चार जण वाळूत लोळवले. मान सरळ, ऑपरेशनचाच खांदा पुढे. खांद्याची आठवण फक्त मलाच होती.

सोमवारी सकाळी त्याने गादी, आणि ती धरणारे दोघे, थेट भिंतीला नेऊन लावले. मी घाईघाईत, पोरांनी मोबाइलवर काढलेल्या कबड्डीच्या क्लिपसकट, सगळ्या क्लिप नव्या टीमला पाठवून दिल्या. टीमचं उत्तर डॉक्टर नायरांनी मोठ्याने वाचलं. मार्कसला बोलावलं होतं. खाली एक ओळ होती: “पहिल्या क्लिपमधली लेडी आता बरी आहे ना?”

“कौन सी लेडी?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

मार्कस आणखी दोन सीझन खेळला. मला मेमो मिळाला: स्टाफने स्वतःला इक्विपमेंट म्हणून वापरू नये.

तात्पर्य, ‘फिट’ लिहिण्याआधी पेशंटला खेळवून बघावं. आणि स्वतः उतरणार असाल, तर आधी आपल्या मापाचा कमरेचा पट्टा घेऊन ठेवावा. मला तो तीन आठवडे लागला.