केजच्या वर्गातला कासरा

बदलीचा हुकूम घेऊन मी केजच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, हजर झालो, तेव्हा माणिकराव मास्तरांचे पहिले दर्शन घडले ते असे: अंगणातल्या लिंबाखाली एका पोराच्या हातात बैलाचा कासरा, त्याचे दुसरे टोक दुसऱ्या पोराच्या कमरेला, आणि मध्ये उभी असलेली पोरे "मी! मी!" म्हणून कोकलताहेत. शेजारी बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ शांतपणे तपकीर ओढीत उभे. मी हिशेब शिकवणारा माणूस, डोके आधीच तापट, त्यात बीडपासून बैलगाडीने हाडे खिळखिळी झालेली. मी तिथूनच ओरडलो, "अहो, पोरांना दावणीला काय बांधता?"

मास्तर म्हणाले, "या. आपण नवे हिशेबाचे मास्तर ना? हा कासरा धरलेला पोरगा कर्ता, कमरेला बांधलेला क्रियापद. मधले नुसते गोंधळ घालणारे. क्रियापदानं कुणाचं ऐकायचं, एवढंच शिकवतोय."

आज माणिकराव मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत असताना गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असे मंडळींनी सांगितले. विद्वान लोक त्यांच्या व्यासंगाविषयी लिहितीलच. मी मात्र त्या कासऱ्याविषयीच लिहिणार, कारण पुढे त्याच कासऱ्यावर केजचा इंग्रजीचा वर्ग टिकला, आणि त्यासाठी मास्तरांनी काय सोडले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या पोरांची अडचण बाहेरच्यांना सांगून कळायची नाही. घरी मराठी, मदरशात सगळे शिक्षण उर्दूत, आणि त्यावर ही इंग्रजी! 'आंब्यांची टोपली जड आहे' हे इंग्रजीत म्हणताना आंबे पुष्कळ दिसले की पोरगे बेधडक 'आर' ठोकून देई. मास्तर टोपली झालेल्या पोराच्या हाती कासरा देत, आंबे झालेली पोरे मध्ये उभी करीत आणि क्रियापदाला म्हणत, "आंबे कितीही बोंबलू देत. ओढ कुठून लागते ते बघ!" ओढ टोपलीकडून लागे. पोरगे 'इज' म्हणे आणि पुन्हा कधी चुकत नसे. कर्ता एकटा असला की क्रियापदाला शेवटी 'एस' लागते, हे दाखवायला ते त्या पोराच्या धोतराला मागे रुमाल खोवीत. कर्ते दोन झाले की रुमाल काढून घेत. असले शिकवणे मी आधी कुठे पाहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर पहिल्या आठवड्यात मी त्याला तमाशाच म्हणत होतो.

स्वभावाने मास्तर हट्टी. एकदा मनावर घेतले की ब्रह्मदेवाचेही ऐकायचे नाहीत. सोपान नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. जवळच्याच खेड्यातला, शेतकऱ्याचा पोरगा. सुगीत बापाने त्याला घरी ठेवून घेतले. मास्तर सरळ त्यांच्या खळ्यावर गेले. बाप म्हणाला, "मास्तर, कणसं कोन मोडील? तुमची इंग्रजी मोडती का?" मास्तरांनी कोट काढून ठेवला आणि सोपानच्या शेजारी बसून ज्वारीची कणसे मोडू लागले. मोडता मोडता शिकवणे चालूच. संध्याकाळी बापच शरमला आणि म्हणाला, "न्या बाबा पोराला, पर तुमी उठा." ही हकिगत मास्तरांनी मला कधी सांगितली नाही. सोपानच्या बापाने सांगितली.

मला हिवतापाने महिनाभर आडवे केले, तेव्हा माझे वर्ग त्यांनीच घेतले. त्यांच्या घरून वहिनींच्या हातची पेज रोज येई आणि पेजेबरोबर मास्तर येत. त्रैराशिक त्यांनी पोरांना असे काही शिकवले की बरा झाल्यावर ते सरळ करता करता मला पुन्हा ताप भरतो की काय असे वाटले! पण त्या महिन्यात माझा एकही तास मोकळा गेला नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. जिल्ह्याचे मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळांची तपासणी करणारे अधिकारी, केजला यायचे होते. इंग्रजीचा वर्ग ठेवायचा की बीडला हलवायचा, हे त्यांच्या शिफारशीवर होते. वर्ग हलला असता तर आमच्या शेतकऱ्यांची पोरे बीडला जाऊन कुठे राहणार होती? शिक्षण तिथेच संपले असते. शिवाय मास्तरांची बीडला बढतीने नेमणूक व्हायची होती, तीही याच साहेबांच्या हातात.

साहेब आले, खुर्चीवर बसले. त्यांनी सोपानला उभे केले आणि समोर दिसते त्यावर इंग्रजीत वाक्य करायला सांगितले. सोपान खणखणीत म्हणाला, "दि इन्स्पेक्टरसाहेब आर सिटिंग ऑन दि चेअर."

साहेबांच्या भुवया चढल्या. "हम एक हैं या दस?"

"एकच हायेत, साहेब."

"तो फिर 'इज' बोल."

सोपानने मान हलवली. "न्हाई साहेब. आमच्यात थोरल्या मानसाला तसं म्हनत न्हाईत."

पोराला नियम येत नव्हता असे नाही. टोपलीला, बैलाला, वर्गमित्राला तो बिनचूक 'इज' लावी. पण आबा आले, गुरुजी बसले, असे बोलायची लहानपणापासूनची रीत. मोठ्या माणसाला एकवचनात ओढायचे म्हणजे त्याला भर बाजारात अरे-तुरे केल्यासारखे वाटत होते. साहेबांना तो उर्मटपणा वाटला. ते गरजले, "मास्टरसाहब, छडी लगाइए इसको!"

छडी मेजावरच होती. मी मागून मास्तरांच्या कानाशी पुटपुटलो, "अहो, मारा की हळूच एक! वर्ग जाईल!"

मास्तरांनी छडीला हात लावला नाही. म्हणाले, "साहेब, चूक झाली आहे, ती मी आत्ता दुरुस्त करून दाखवतो. पण ज्या पोरानं आपला मान राखला, त्याला मी आपल्यासमोर मारणार नाही. आणि आपण स्वतः आत्ताच 'हम' म्हणालात. पोरानं तरी दुसरं काय केलं?"

अरे देवा! साहेबांचा चेहरा लाल झाला. मास्तरांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी खुंटीवरचा कासरा काढला आणि एक टोक अदबीने साहेबांच्या पुढे धरले. "मेहरबानी करावी. या वाक्यात कर्ते आपण आहात." साहेबांनी रागारागात का होईना, ते धरले. दुसरे टोक सोपानच्या कमरेला. मग मास्तर त्याला हळू आवाजात म्हणाले, "बाळ, इंग्रजीत मान क्रियापदात ठेवत नाहीत. तो तुझ्या उभं राहण्यात ठेव. हात जोड, मान लववून म्हण."

सोपानने हात जोडले, मान लववली आणि भरल्या आवाजात 'इज' म्हटले. त्याच्यामागून सारा वर्ग उठला, साऱ्यांनी हात जोडले आणि तेच वाक्य म्हटले. साहेब कासरा धरून तसेच बसून राहिले. मग त्यांनी बरेच प्रश्न विचारले. पोरे चुकली नाहीत. जाताना ते एवढेच म्हणाले, "दर्जा यहीं रहेगा."

वर्ग राहिला. मास्तरांची बढती मात्र गेली, ती कायमची. बीडची जागा दुसऱ्याला मिळाली. ही बातमी ऐकून मी इतका भडकलो की खडू भिंतीवर फेकून मारला. मास्तर म्हणाले, "हिशेबाचे मास्तर ना तुम्ही? मग सरकारी खडू असा वाया घालवू नका." एवढे बोलून ते वर्गावर गेले. वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, जाईपर्यंत ते केजलाच राहिले, आणि एकदाही त्यांच्या तोंडून त्या साहेबांविषयी वाकडा शब्द मी ऐकला नाही. मी मात्र पुष्कळ वापरले आहेत.

त्या वर्गातून बाहेर पडलेली पोरे आज कचेरीत आहेत, मदरशांत आहेत. सोपानराव बीडच्या अदालतीत वकील आहेत. सत्काराच्या दिवशी मराठीबरोबर इंग्रजीतही एक मानपत्र वाचायचे ठरले, आणि ते लिहायचे काम त्यांच्याकडे आले. परवा ते मला भेटले. मी मुद्दाम डिवचले, "काय वकीलसाहेब, मास्तरांना 'इज' म्हणावं लागेल. जमेल ना?"

अदालतीत भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस पोरासारखा खाली बघू लागला. मग म्हणाला, "काका, कागद तुमी धरा. मला दोनी हात मोकळे लागतील."

माणिकराव मास्तर, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, तपकिरीची डबी कधी रिकामी न होवो. त्या दिवशी व्यासपीठावर मी कागद धरून उभा असेन. आपण फक्त समोर बसा आणि सोपानचे हात पाहा.