स्टोव्हपुढची नऊ इंच फरशी

लंडनमधल्या एजवेअरच्या घरात लाकडं जाळायचा स्टोव्ह बसवावा असं माझ्या नवऱ्याने ठरवलं, तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघंही हॉस्पिटलात डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी समोर विस्तव असावा, एवढीच त्याची हौस. आमच्या भागात धुरावर बंधनं होती, म्हणून कौन्सिलला फोन करून चालणारं मॉडेल विचारलं, फॉर्म भरले. बिल्डरने धुराड्यातून पोलादी पाइप सोडला आणि स्टोव्हखाली काळ्या दगडाची फरशी बसवली.

माझे वडील तेव्हा भारतातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. दिवसभर घरात एकटे, करमत नसे. त्यांनी लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं आणि टेप घेऊन बसले.

"जावईबापू, ठिणग्या बाहेर उडतात, म्हणून स्टोव्हच्या दारापुढे फरशी बारा इंच हवी. ही नऊच भरते."

"बाबा, तीन इंचांनी काय होतंय? इन्स्पेक्टर बघेल की."

कौन्सिलचा इन्स्पेक्टर आला तो घाईत. त्याने आत धूर सोडून पाइप गळत नाही ना ते तपासलं, हवेसाठी भिंतीत ठेवलेली जाळी पाहिली आणि सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात वडील इंग्रजीत म्हणाले, "फरशी मोजायची राहिली."

त्याने मोजली. पेन परत खिशात गेलं. "सॉरी, डॉक्टर. ही वाढवावी लागेल."

त्या रात्री नवरा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मीच वडिलांवर चिडले. "तुम्हाला गप्प बसवत नाही का, बाबा? आमचं घर आहे हे."

ते कांदा चिरत होते. सुरी खाली न ठेवता म्हणाले, "नोकरीत एकदा न मोजता सही केली होती. ओढ्यावरच्या मोरीच्या कामावर. साहेब घाईत होते. मोरीला काही झालं नाही. पण पुढे कितीतरी वर्षं पावसाळ्यात मी दुसऱ्या रस्त्याने घरी जायचो."

हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नसावं. मी कामावर जाताना गाडीत नवऱ्याला सांगितलं. शनिवारी सकाळी तो वडिलांच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, दगड आणायला जातोय. येता का? माप तुम्हीच घ्या."

दोघं गेले. बिल्डरने पुढे नवा दगड जोडला. रंग जुन्याशी जुळला नाही, ते तसंच राहिलं. दुसऱ्या खेपेला इन्स्पेक्टरने सही केली आणि वडिलांबरोबर चहा घेतला.

पहिल्यांदा स्टोव्ह पेटला तेव्हा वडील आणि नवरा त्याच्यासमोर खुर्च्या ओढून बसले. अर्ध्या तासात खोली इतकी तापली की वडिलांनी स्वेटर काढला आणि मला खिडकी उघडायला सांगितली.